बेसबॉलची जुनी अमेरिकन गाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत मुलाकडे किंवा लेकीकडे गेलेल्या आईबाबांना एकदा तरी बेसबॉलच्या सामन्याला नेलं जातं. खेळ कळो न कळो, सातव्या डावाच्या मध्यावर सगळं स्टेडियम उठून गायला लागतं आणि तिथून प्रश्नांना सुरुवात होते. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत. भर १८५८ ते १९२५ या काळावर आहे, कारण खरी गंमत तिथेच आहे.

सातव्या डावात सगळे उभे राहून गातात ते गाणं कुठलं?

‘टेक मी आउट टू द बॉल गेम’. शब्द जॅक नॉरवर्थचे, चाल आल्बर्ट व्हॉन टिल्झरची, साल १९०८. ताल तीन मात्रांचा, वॉल्ट्झचा. म्हणूनच लोक आपोआप डावी-उजवीकडे डोलायला लागतात. स्टेडियममध्ये गातात ते फक्त ध्रुवपद: मला सामन्याला घेऊन चल, गर्दीत घेऊन चल, शेंगदाणे आणि क्रॅकर जॅक घेऊन दे, परत घरी नाही आलो तरी चालेल. आपला संघ हरला तर लाज, आणि एक-दोन-तीन स्ट्राइक, म्हणजे हुकलेले चेंडू, झाले की बाद. गाण्यात खेळाचा नियम म्हणावा असा एवढा एकच.

गीतकाराने तोवर एकही सामना पाहिला नव्हता म्हणतात, ते खरं का?

हो. नॉरवर्थ हा व्हॉडव्हिलचा, म्हणजे नाच, गाणी, नकला अशा मिश्र करमणुकीच्या रंगमंचावरचा कलावंत. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेने जाताना त्याला ‘आज पोलो ग्राउंड्सवर बेसबॉल’ अशी पाटी दिसली आणि त्याने गाडीतच गाणं लिहून काढलं, असं तो स्वतः सांगायचा. हाताने खरडलेला तो कागद आज कूपर्सटाउनच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये आहे. खोडाखोड असलेला, घाईत लिहिलेला कागद. मोठ्या लीगचा, म्हणजे सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेचा, सामना नॉरवर्थने पाहिला तो थेट १९४० साली, ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर. तोही त्याच्याच सत्काराच्या दिवशी. व्हॉन टिल्झरचीही गत फार वेगळी नव्हती.

यात धक्का बसण्यासारखं काही नाही. त्या काळातली बेसबॉलची बहुतेक गाणी मैदानात गाण्यासाठी नव्हतीच. ती दिवाणखान्यातल्या पियानोसाठी, नाचाच्या हॉलसाठी, नाटकगृहासाठी होती आणि मुख्यतः शीट म्युझिक, म्हणजे गाण्यांच्या छापील स्वरलिपी, खपवण्यासाठी. खेळ लोकांच्या तोंडी होता, म्हणून तो गाण्यात आला. पुढच्या बऱ्याच उत्तरांत हा मुद्दा पुन्हा पुन्हा येईल.

या गाण्याला कडवी पण आहेत का? कोणी गाताना ऐकली नाहीत.

आहेत, आणि ध्रुवपदापेक्षा मला तीच जास्त आवडतात. गाण्याची नायिका केटी केसी. तिला बेसबॉलचं वेड. शनिवारी तिचा मित्र येतो आणि विचारतो, नाटकाला येतेस का? ती म्हणते, नाही, त्यापेक्षा तू असं कर... आणि मग ध्रुवपद सुरू होतं. म्हणजे आज चाळीस हजार माणसं एका सुरात जे गातात ते मुळात एका मुलीने मित्राला ऐकवलेलं उत्तर आहे.

दुसऱ्या कडव्यात केटी मैदानात बसली आहे. सगळ्या खेळाडूंना ती नावानिशी ओळखते, पंचाला तोंडावर सांगते की तुझं चुकलं. सामना दोन-दोन असा बरोबरीत अडकल्यावर आपल्या संघाला जोर यावा म्हणून ती आसपासच्या लोकांकडून हेच गाणं म्हणवून घेते. लक्षात घ्या, हे १९०८ साली लिहिलंय. मैदानातल्या गर्दीने हे गाणं म्हणण्याची प्रथा तेव्हा कुठेच नव्हती. गाण्यात ती आधी आली, मैदानात कित्येक दशकांनी.

१९२७ साली नॉरवर्थने कडवी बदलली आणि केटी केसीची नेली केली झाली. जुनी कडवी जास्त धारदार आहेत. ती ऐकायची तर एडवर्ड मीकरने १९०८ मध्ये एडिसनच्या कंपनीसाठी केलेलं ध्वनिमुद्रण ऐका. मेणाच्या नळकांडीवरचा आवाज, पण शब्द स्वच्छ कळतात. २०१० साली लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतनयोग्य ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय यादीत ते घेतलं.

क्रॅकर जॅक म्हणजे काय?

मोलॅसिसच्या पाकात घोळवलेले पॉपकॉर्न आणि शेंगदाणे. चिक्कीचा जरा सैल चुलतभाऊ. हे नाव १८९६ सालचं, शिकागोचं. गाण्यात यावं म्हणून कंपनीला काही करावं लागलं नाही, आणि शंभराहून जास्त वर्षं फुकट जाहिरात चालू आहे.

मग बेसबॉलवरचं पहिलं गाणं कोणतं?

छापील संगीतापुरतं बोलायचं तर ‘द बेस बॉल पोल्का’, १८५८. रचनाकार जे. आर. ब्लॉजेट. हा न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहराच्या नायगारा क्लबचा खेळाडू होता आणि त्याने ही रचना शेजारच्या रॉचेस्टरच्या फ्लॉवर सिटी क्लबला अर्पण केली. गाणं मात्र म्हणता येणार नाही, कारण त्याला शब्दच नाहीत. नुसती पियानोवर वाजवायची नृत्याची धून आहे. ऐकून त्यात चेंडू-फळीचा संबंध शोधायला जाल तर काही सापडणार नाही. बेसबॉल होता तो मुखपृष्ठावर.

पण पोल्काच का? खेळाचा आणि नाचाचा काय संबंध?

१८५०च्या दशकातले बेसबॉल क्लब म्हणजे आजचे व्यावसायिक संघ नव्हेत. व्यापारी, कारकून, पेढीवरची तरुण मंडळी वर्गणी काढून क्लब चालवत. सामना झाला की यजमान क्लबने पाहुण्यांना जेवण द्यायचं, हिवाळ्यात नृत्याचा कार्यक्रम ठेवायचा. अशा कार्यक्रमाला नवी धून लागणारच. गावातला संगीतशिक्षक किंवा पियानो वाजवणारी एखादी बाई धून रचायची, क्लबला अर्पण करायची, मुखपृष्ठावर क्लबचं नाव यायचं आणि सभासद प्रती घ्यायचे. अग्निशमन पथकांना, लष्करी तुकड्यांनासुद्धा अशाच धुना अर्पण होत. बेसबॉल क्लब त्याच रांगेत येऊन बसले.

१८६० मध्ये रॉचेस्टरच्याच लाइव्ह ओक क्लबसाठी ‘लाइव्ह ओक पोल्का’ निघाली. १८६१ साली फिलाडेल्फियाच्या मर्कंटाइल क्लबसाठी ‘होम रन क्विक स्टेप’ आली. यादवी युद्ध संपल्यावर तर अशा रचनांचा पाऊसच पडला: पोल्का, गॅलप, शॉटिश, मार्च, जे म्हणाल ते.

यातल्या बऱ्याच रचना बायकांच्या आहेत, हे सहसा सांगितलं जात नाही. वॉशिंग्टनच्या नॅशनल क्लबसाठीची १८६७ची ‘होम रन पोल्का’ मिसेस बॉडेल यांची. १८६९ साली सिनसिनाटीच्या रेड स्टॉकिंग्जनी, म्हणजे उघडपणे पगारी खेळाडू घेणाऱ्या पहिल्या संघाने, एकही सामना न हरता हंगाम संपवला. त्यांच्यासाठी ‘रेड स्टॉकिंग पोल्का’ रचली हेट्टी शर्ली ऑस्टिन यांनी. घरातला पियानो हे तेव्हा मध्यमवर्गीय बाईचं वाद्य. मैदानात तिला प्रेक्षक म्हणूनच जागा होती, पण क्लबच्या नावाची धून तिच्या हातून निघू शकत होती.

शब्द असलेली गाणी कधी आली?

१८६०च्या दशकातच. त्यातलं माझं आवडतं म्हणजे फिलाडेल्फियात निघालेलं ‘द बेस बॉल फीव्हर’, १८६७. शब्द एच. अँजेलो यांचे, संगीत जेम्स डब्ल्यू. पोर्टर यांचं. कल्पना साधी: हल्ली नाना तऱ्हेचे आजार पसरलेत, डॉक्टर हैराण आहेत, पण सगळ्यांत झपाट्याने पसरणारा आजार म्हणजे बेसबॉलचा ताप. युद्धानंतर दोन वर्षांत हा खेळ कसा फोफावला होता ते कळायला आकडेवारीपेक्षा हे गाणं बरं. लोकांनी विनोद करावा इतका खेळ अंगवळणी पडला होता.

‘स्लाइड, केली, स्लाइड’ हे गाणं इतकं गाजलं, ते कशामुळे?

केली नावाच्या माणसामुळे. माइक केली, लोक त्याला ‘किंग’ म्हणत. १८८७ मध्ये शिकागोच्या संघाने त्याला बॉस्टनला १०,००० डॉलरना विकलं आणि वर्तमानपत्रांना महिनोन्‌महिने विषय मिळाला. बेसकडे, म्हणजे धावताना ओळीने गाठायच्या चार ठिकाणांपैकी एकाकडे, झेपावत, घसरत, शेवटच्या क्षणी अंग चोरून तो असा काही पोचायचा की क्षेत्ररक्षकाचा हात हवेतच राहायचा. आणखी एक उद्योग त्याच्या नावावर आहे. तेव्हा मैदानात एकच पंच असे. पंचाची नजर चेंडूकडे वळली की केली पहिल्या बेसवरून दुसऱ्याला न शिवता मधूनच तिरका तिसऱ्यावर जायचा. पकडला गेलाच तर गर्दी हसायची.

त्याच्यावरचं हे गाणं १८८९ चं. लिहिणाराही केलीच, जॉन डब्ल्यू. केली. पण तो व्हॉडव्हिलचा विनोदवीर, खेळाडूचा नातेवाईक नव्हे. मॅगी क्लाइन या खणखणीत आवाजाच्या गायिकेने ते रंगमंचावर गाजवलं. ध्रुवपदात लोक ओरडतात: घसर रे केली, घसर, तुझं धावणं म्हणजे नुसती लाज! पुढे म्हणतात की फलंदाजीने दगा दिला नाही तर तुला ऑस्ट्रेलियाला नेतील. हा टोमणा ताज्या बातमीवर होता. नुकताच १८८८-८९च्या हिवाळ्यात अमेरिकन खेळाडूंचा एक ताफा बेसबॉल दाखवत जगभर फिरून आला होता, आणि ऑस्ट्रेलिया हा त्यातला मोठा मुक्काम. आपल्या बाजूला ते कोलंबोपर्यंत येऊन खेळून गेले.

कडव्यांत मात्र पराक्रम औषधालाही नाही. गाणारा एका भिकार संघातला खेळाडू आहे. दुसऱ्या डावात यष्टिरक्षकासारखा मागे उभा राहणारा कॅचर घोटभर प्यायला जातो, म्हणून याला त्याच्या जागी उभं करतात. याला चेंडूच दिसत नाही, आणि दुसऱ्याच चेंडूला नाक फुटतं. गर्दी आरडाओरडा करते तेव्हा याला वाटतं कुठेतरी मारामारी लागली. थोर खेळाडूच्या नावाने गाणं काढायचं आणि आत सगळी फजिती भरायची, हा व्हॉडव्हिलचा खास खाक्या.

१८९०च्या दशकाच्या सुरुवातीला जॉर्ज गॅस्किनने हे गाणं फोनोग्राफच्या नळकांडीवर गायलं. नाणं टाकून ऐकायच्या यंत्रांमधून ते गावोगाव पोचलं. ध्वनिमुद्रित स्वरूपात गाजलेल्या अगदी पहिल्या लोकप्रिय गाण्यांत त्याची गणना होते. केली स्वतः १८९४ मध्ये न्यूमोनियाने गेला, चाळिशीही न गाठता.

‘केसी अ‍ॅट द बॅट’ हे पण गाणंच ना?

नाही, ती कविता आहे. अर्नेस्ट थेयरची, ३ जून १८८८ च्या ‘सॅन फ्रान्सिस्को एग्झॅमिनर’मध्ये छापून आलेली. संगीतिकांमधला नट डीवुल्फ हॉपर ती रंगमंचावर म्हणू लागला आणि आयुष्यभर म्हणतच राहिला. गाण्यांच्या यादीत ती चुकून येते, कारण ती पसरली त्याच नाटकगृहांतून.

केली, केसी... सगळी नावं आयरिश कशी?

खेळाडूंमध्ये आयरिश वंशाचे खूप, रंगमंचावर खूप आणि पिटातल्या प्रेक्षकांतही खूप. त्यामुळे विनोदी गाण्यात आयरिश नाव टाकलं की हशा हमखास. विसाव्या शतकात ज्यू स्थलांतरितांची मुलं गाण्याच्या धंद्यात उतरली. व्हॉन टिल्झरचं खरं आडनाव गम, आणि टिल्झर हे आईचं माहेरचं नाव. १९१३ मध्ये अर्व्हिंग बर्लिन आणि ब्लँच मेरिल यांनी ‘जेक! जेक! द यिडिशर बॉल-प्लेअर’ लिहिलं. त्यात संघावर पैज लावून बसलेला ज्यू प्रेक्षक आपल्या जेकच्या नावाने बोटं मोडतो. विनोद तोच, जात बदललेली. आज यातलं बरंचसं कानाला खटकतं, आणि खटकायलाच हवं.

काळ्या खेळाडूंवर गाणी नव्हती का?

आदराने गायलेली जवळजवळ नाहीत. १८८०च्या दशकापासून त्यांना मोठ्या लीगची दारं बंद होती, आणि त्या काळच्या शीट म्युझिकवर काळा माणूस दिसतो तो बहुधा वंशद्वेषी व्यंगचित्रात. चित्र बदललं ते फार पुढे. १९४९ मध्ये बडी जॉन्सनने ‘डिड यू सी जॅकी रॉबिन्सन हिट दॅट बॉल?’ केलं आणि काउंट बेसीच्या ऑर्केस्ट्राने ते वाजवलं. रॉबिन्सन म्हणजे ही बंद दारं उघडणारा काळा खेळाडू. या पानाच्या काळाबाहेरचं आहे, तरी ऐकाच.

१९०८ च्या सुमारास इतकी गाणी एकदम कशी आली?

न्यूयॉर्कच्या २८व्या रस्त्यावर ‘टिन पॅन अ‍ॅली’ नावाने ओळखली जाणारी प्रकाशकांची गल्ली होती. तिथे गाणी कारखान्यासारखी निघायची. लोकांच्या बोलण्यात विषय आला रे आला की त्यावर गाणं. ‘टेक मी आउट’ चाललं त्याच वर्षी जॉर्ज एम. कोहॅन आणि मंडळींनी ‘टेक युवर गर्ल टू द बॉल गेम’ बाजारात आणलं. दोन्हींची नावं शेजारी ठेवली की धंदा कळतो. कोहॅन तेव्हा जास्त मोठं नाव, पण त्याचं गाणं आज अभ्यासकांपलीकडे कुणाला ठाऊक नाही.

खपवण्याची एक युक्ती सांगण्यासारखी आहे. पाच सेंटात मूकपट दाखवणाऱ्या छोट्या थिएटरांत रीळ बदलताना पडद्यावर रंगवलेल्या काचेच्या स्लाइड्स दाखवायचे, समोर गायक कडवी म्हणायचा, आणि ध्रुवपदाचे शब्द पडद्यावर आले की प्रेक्षकांनी सूर धरायचा. ‘टेक मी आउट’च्याही अशा स्लाइड्स निघाल्या होत्या. म्हणजे लोकांनी हे गाणं एकत्र गायला सुरुवात केली ती अंधाऱ्या थिएटरात.

मग मैदानात कोणी काहीच गात नसे?

गात होते की. बॉस्टनचे ‘रॉयल रूटर्स’. पण त्यांनी गायलं ते गाणं बेसबॉलचं नव्हतं, हीच तर मजा.

१९०३ ची पहिली आधुनिक वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाअखेरची अजिंक्यपदाची मालिका. बॉस्टन विरुद्ध पिट्सबर्ग, नऊपैकी पाच जिंकणारा विजेता. रूटर्स म्हणजे बॉस्टनच्या कट्टर पाठीराख्यांची टोळी. त्यांचा पुढारी मायकल मॅकग्रीव्ही, एका दारूच्या गुत्त्याचा मालक. गुत्त्याचं नाव ‘थर्ड बेस’, कारण मैदानावर तिसऱ्या बेसनंतर ‘होम’, तसा घरी पोचण्याआधीचा शेवटचा थांबा तो. बॉस्टन १-३ असं मागे पडलं तेव्हा पिट्सबर्गला गेलेल्या या मंडळींनी बँड भाड्याने घेतला आणि ‘टेसी’ गायला सुरुवात केली. ‘टेसी’ हे ‘द सिल्व्हर स्लिपर’ या ब्रॉडवे संगीतिकेतलं विल अँडरसनचं गोडमिट्ट प्रेमगीत. रूटर्सनी त्याचे शब्द फिरवले. पिट्सबर्गचा हुकमी फलंदाज होनस वॅगनर फळीला आला की गाणं सुरू: होनस, का रे बाबा तुझी फलंदाजी इतकी वाईट? प्रत्येक चेंडूला, प्रत्येक डावात, तेच तेच. वॅगनरची ती मालिका खरोखरच वाईट गेली. बॉस्टनने सलग चार सामने जिंकून मालिका ५-३ अशी घेतली. पिट्सबर्गचा टॉमी लीच म्हातारपणीही सांगायचा की त्या गाण्याने आमचं डोकं उठवलं.

ज्या गाण्यांत बेसबॉल होता ती घरात वाजत होती, आणि ज्यात बेसबॉलचा मागमूस नव्हता ते मैदानात शस्त्रासारखं वापरलं गेलं. २००४ मध्ये ड्रॉपकिक मर्फीज या बॉस्टनच्याच बँडने ‘टेसी’ नव्याने केलं, आणि त्याच वर्षी बॉस्टनच्या रेड सॉक्स संघाने ८६ वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकली. बॉस्टनमध्ये हा योगायोग आहे म्हणायची सोय नाही.

एखाद्या खेळाडूने स्वतः गाणी केली का?

शिकागो व्हाइट सॉक्सचा गोलंदाज डॉक व्हाइट. पेशाने दंतवैद्य, म्हणून ‘डॉक’. त्याने पत्रकार-लेखक रिंग लार्डनरसोबत १९१० मध्ये ‘लिटल पफ ऑफ स्मोक, गुड नाइट’ केलं, पण ते अंगाईगीत. पुढच्याच वर्षी दोघांनी ‘जी! इट्स अ वंडरफुल गेम’ हे बेसबॉलचं गाणं केलं. गाजलं ते अंगाईगीत.

गंभीर संगीतकारांनी या खेळाकडे पाहिलं का?

दोघांची नावं घ्यायला हवीत. चार्ल्स आइव्ह्ज शाळेत स्वतः पिचर, म्हणजे गोलंदाज, होता. ‘ऑल द वे अराउंड अँड बॅक’ ही त्याची छोटीशी रचना एका प्रसंगावर आहे: फटका बसतो, पहिल्या बेसवरचा धावपटू जिवाच्या आकांताने तिसऱ्यापर्यंत पळतो, तेवढ्यात पंच ‘फाउल’, म्हणजे फटका हद्दीबाहेर गेला, म्हणतो आणि बिचाऱ्याला सगळं अंतर परत यावं लागतं. संगीतही तसंच थरावर थर चढवत गोंधळाच्या टोकाला जातं आणि आलं त्याच वाटेने उलटं उतरतं. पोल्कांच्या मुखपृष्ठापुरता राहिलेला खेळ इथे पहिल्यांदा सुरावटीत शिरला, असं मला वाटतं.

दुसरा जॉन फिलिप सूसा, मार्चचा राजा. त्याच्या बँडची स्वतःची बेसबॉल टीम होती. नॅशनल लीगच्या पन्नाशीनिमित्त १९२५ साली बेसबॉलचे आयुक्त न्यायाधीश लँडिस यांच्या सांगण्यावरून त्याने ‘द नॅशनल गेम’ हा मार्च केला. चांगला आहे, पण सूसाच्या उत्तम मार्चमध्ये धरणार नाही.

सामन्याआधी राष्ट्रगीत कधीपासून?

‘स्टार-स्पँगल्ड बॅनर’ १८६२ मध्ये ब्रुकलिनचं युनियन ग्राउंड्स उघडलं तेव्हाही वाजलं होतं. मनात ठसलं ते ५ सप्टेंबर १९१८ ला. महायुद्ध चालू, शिकागोत वर्ल्ड सिरीज, सातव्या डावात बँडने ते वाजवलं. नौदलातून रजेवर आलेला रेड सॉक्सचा फ्रेड थॉमस ताठ उभा राहून सलाम करू लागला, आणि थंड बसलेली गर्दी हळूहळू गायला लागली. अधिकृत राष्ट्रगीत ते झालं १९३१ मध्ये.

मग ‘टेक मी आउट’ मैदानात कधी रुळलं?

तुरळक वाजायचं. १९३४च्या वर्ल्ड सिरीजमध्ये वाजल्याची नोंद आहे. १९४१ मध्ये शिकागोच्या रिग्ली फील्डवर ऑर्गन आला, पाठोपाठ इतरत्रही, आणि डावांमधल्या वेळेत ही धून वाजू लागली. लोकांनी उठून गाण्याची आजची प्रथा मात्र १९७६ ची. व्हाइट सॉक्सचा समालोचक हॅरी केरी आपल्या खोलीत बसून हे गाणं स्वतःशीच गुणगुणायचा. मालक बिल व्हीकने ते हेरलं आणि एके दिवशी त्याचा माइक स्टेडियमच्या ध्वनिक्षेपकाला जोडून दिला. केरीचा आवाज बेसूर आणि घोगरा. व्हीकचं म्हणणं तेच होतं: याच्यापेक्षा आपण बरं गातो असं प्रत्येकाला वाटलं पाहिजे, तरच लोक गातील. १९८२ मध्ये केरी शिकागोच्याच कब्ज या दुसऱ्या संघाकडे गेला, त्यांचे सामने टीव्हीवर देशभर दिसायचे, आणि प्रथा सगळीकडे पसरली.

ही गाणी कुठे ऐकता-पाहता येतील? वापरायला परवानगी लागते का?

लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर बेसबॉलच्या शीट म्युझिकचा मोठा संग्रह मुखपृष्ठांसकट पाहता येतो. तिथल्याच ‘नॅशनल ज्यूकबॉक्स’मध्ये जुन्या तबकड्या ऐकायला मिळतात. मेणाच्या नळकांड्यांसाठी सँटा बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचा संग्रह पाहा.

अमेरिकेत ‘टेक मी आउट’चे १९०८ आणि १९२७ चे दोन्ही पाठ आता हक्कमुक्त आहेत. १९२३ पूर्वीची ध्वनिमुद्रणंही १ जानेवारी २०२२ पासून मुक्त झाली. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात केटी केसीची कडवी बसवायची असतील तर खुशाल बसवा. नंतरच्या गायकांच्या तबकड्या मात्र न विचारता लावू नका.